अजय-अतुल यांच्या संगीताची बदलती वळणे आणि रसिकांचे आक्षेप : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगीतकार आणि त्याचा रसिक यांच्यातील नाते वाचक-लेखक नात्याहून अधिक हट्टी असते. कादंबरीकाराने दुसऱ्या कादंबरीत वेगळी वाट धरली तर वाचक तिचे कुतूहलाने स्वागत करतो. परंतु आवडत्या संगीतकाराने चाल बदलली की रसिकाला ती जवळजवळ फसवणूक वाटते. आणि चाल बदलली नाही, तर तोच रसिक 'तेच ते' म्हणून नाराज होतो. या दोन्ही तक्रारी एकाच श्रोत्याच्या तोंडी एकाच वेळी ऐकू येतात. म्हणून त्या टाकाऊ ठरत नाहीत. रसिकांच्या मतामतांत अभिरुचीचा, सामाजिक स्थानाचा आणि कलेविषयीच्या अपेक्षांचा इतिहास दडलेला असतो. समीक्षेने त्याकडे 'लोकप्रिय मत' म्हणून पाठ फिरवणे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखात अजय आणि अतुल गोगावले या संगीतकार बंधूंच्या मराठी संगीतातील बदलांचा आणि त्या बदलांवर रसिकांकडून सामान्यतः घेतल्या जाणाऱ्या तीन आक्षेपांचा विचार केला आहे. हे आक्षेप असे : (१) त्यांचे संगीत पुनरुक्त झाले आहे, (२) ते मातीपासून दुरावले आहे, (३) त्यात भव्यतेचा अतिरेक झाला आहे. या विषयाला सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. ज्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटाने या संगीतकारांची कीर्ती शिखरावर नेली, त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची आणि चित्रपटातील गाव, शिवार व बोली याच परिसरातील आहे.

बदल मोजावा कसा ?

पाश्चात्य रॉक संगीतात कलावंताचा विकास अल्बमच्या क्रमाने मोजला जातो. अमेरिकेतील ट्रेंट रेझनर यांचा 'नाइन इंच नेल्स' हा औद्योगिक रॉक वाद्यवृंद याचे ठळक उदाहरण आहे. यंत्रांचे कर्कश आवाज, मुद्दाम विद्रूप केलेला गिटारचा स्वर आणि संगणकीय ताल ही या प्रकाराची ओळख. 'द डाउनवर्ड स्पायरल' (१९९४) मधील संतापावर जीव जडलेल्या अनेक चाहत्यांना 'द फ्रॅजाइल' (१९९९) हा दुहेरी अल्बम पसरट वाटला. 'विथ टीथ' (२००५) गरजेपेक्षा सुबक वाटला. 'घोस्ट्स' (२००८) मधील छत्तीस शब्दविरहित रचनांनी तर अनेकांना गोंधळात टाकले. पुढे मात्र त्याच 'द फ्रॅजाइल'ला कित्येक चाहत्यांनी या वाद्यवृंदाची सर्वश्रेष्ठ निर्मिती मानले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'पूर्वीसारखे राहिले नाही' हा रसिकाचा पहिला उद्गार असतो. तो त्याचा अंतिम निर्णय असेलच असे नाही.

तथापि हे परिमाण मराठी संगीताला जसेच्या तसे लावता येत नाही. रेझनर यांच्या अल्बमचा विषय, शब्द, ध्वनी आणि क्रम हे सर्व त्यांच्याच हाती असते. मराठीत स्वतंत्र अल्बमची परंपरा क्षीण आहे. अजय-अतुल यांची सुरुवात 'विश्वविनायक' या गणेशस्तवनांच्या अल्बमने झाली खरी, परंतु त्यांचे पुढील महत्त्वाचे काम चित्रपटांसाठी झाले. चित्रपटात कथा, पात्र, गीतकार आणि दिग्दर्शक ठरल्यानंतर चाल जन्माला येते. त्यामुळे संगीतकाराच्या शैलीत दिसणारा बदल अनेकदा कथेच्या बदललेल्या मागणीतून आलेला असतो. रसिक मात्र गीत चित्रपटातून सोडवून घेतो आणि मागच्या गीताच्या शेजारी ठेवून ऐकतो. पुढील तीनही आक्षेपांच्या मुळाशी ऐकण्याची ही पद्धत आहे.

पहिला आक्षेप : पुनरुक्ती

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. समूहस्वराचा घोष, ढोल-ताशाचा चढत जाणारा ठोका, त्यावर तार सप्तकाकडे झेपावणारा अजय यांचा स्वर आणि शेवटी सर्व वाद्यांचा एकत्र उद्रेक ही बांधणी श्रोत्याच्या परिचयाची झाली आहे. 'उलाढाल' (२००८) मधील 'मोरया मोरया', 'अग्निपथ' (२०१२) मधील 'देवा श्री गणेशा' आणि पंढरपूरच्या श्रद्धेशी जोडलेल्या 'लय भारी' (२०१४) मधील 'माउली माउली' ही गीते सलग ऐकली असता त्यांचे नाते लपत नाही.

परंतु येथे दोन प्रकारच्या पुनरुक्तींत भेद करणे आवश्यक आहे. भक्तिसंगीतात पुनरावृत्ती हा दोष नसून तत्त्व आहे. वारीतील दिंडीत एकच अभंग त्याच चालीवर मैलोन्‌मैल गायिला जातो आणि त्याचा कंटाळा येत नाही, कारण तेथे चालीचे नावीन्य अपेक्षितच नसते. सामील होणे अपेक्षित असते. 'माउली माउली' हे गीत पंढरीच्या वाटेवरील या सामूहिकतेचे रूप पडद्यावर आणते. त्याची बांधणी ओळखीची असणे त्याच्या कार्याला पूरक आहे.

याउलट जी पुनरुक्ती बाजाराच्या मागणीतून येते, ती गीताचे मोल कमी करते. 'जत्रा' (२००६) मधील 'कोंबडी पळाली' हे याचे बोलके उदाहरण होय. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्या आवाजातील या गीताला स्वतःचे गाव होते. आनंद शिंदे यांचा स्वर भीमगीते व लोकगीते यांच्या परंपरेतून आलेला, रांगडा, किंचित खरखरीत आणि थट्टा करतानाही ठाम. हीच चाल 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली, तेव्हा ठेका टिकला, वेग वाढला, श्रेया घोषाल यांनी ती समर्थपणे गायिली. परंतु थट्टा करणारा तो पुरुषी लोकस्वर आणि त्याच्याशी चाललेली जुगलबंदी गेली. जे उरले ते नृत्यगीत होते. रसिकांनी या दोन्ही रूपांवर प्रेम केले, हे मान्य करूनही चाल स्थलांतरित झाली की तिच्यातून काय गळते याची नोंद समीक्षेने घ्यायला हवी. पुनरुक्तीचा आक्षेप खऱ्या अर्थाने लागू होतो तो येथे.

सोलापूरच्या श्रोत्याच्या संदर्भात आणखी एक मुद्दा लक्षणीय आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा नांदवणाऱ्या या शहरात, विशेषतः विणकर वस्तीत, इळैयराजा यांचे संगीत आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज तेलुगू चित्रपटांमुळे परका नाही. अजय-अतुल यांनी इळैयराजा यांच्याविषयीचा आदर वेळोवेळी व्यक्त केला आहे आणि 'विश्वविनायक'मध्ये शंकर महादेवन यांच्यासोबत बालसुब्रह्मण्यम यांचाही स्वर आहे. ग्रामीण तालाखाली पाश्चात्य तंतुवाद्यांचा थर घालण्याची रीत केवळ मराठी गाणी ऐकणाऱ्याला नवी वाटली, तरी दक्षिणेचे संगीत कानी असलेल्या सोलापूरकराला तिचे कूळ ओळखता येते. 'नवे' आणि 'तेच ते' हे निर्णय श्रोत्याच्या पूर्वश्रवणावर अवलंबून असतात, हे यावरून लक्षात येते.

दुसरा आक्षेप : मातीपासून दुरावा

'अगं बाई अरेच्चा !' (२००४) पासून 'जोगवा' (२००९) आणि 'नटरंग' (२०१०) पर्यंतचा काळ हा अजय-अतुल यांचा 'मातीतला' काळ म्हणून गौरविला जातो. या गौरवाला आधार आहे. राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा'ची कथा राजन गवस यांच्या कादंबऱ्या व चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर आधारलेली आहे. यल्लम्माला सोडलेल्या जोगते-जोगतिणींचे जगणे हा तिचा विषय. सीमाभागातील मराठी-कन्नड श्रोत्याला चौंडके आणि हलगी यांचा आवाज देवीच्या दारात ऐकू येतो. 'लल्लाटी भंडार'मध्ये तो त्याच उग्रतेने येतो. त्याच चित्रपटातील 'जीव रंगला' मात्र पूर्णतः मृदू आहे. देवीच्या नावाने लादलेल्या जीवनाचा ताल आणि दोन माणसांच्या स्वतःच्या प्रेमाचा स्वर यांतील विरोध संगीताने उभा केला आहे. छप्पन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाच्या संगीताला आणि हरिहरन व श्रेया घोषाल यांच्या गायनाला मिळालेला सन्मान त्यामुळे यथोचित ठरतो.

आनंद यादव यांच्या कादंबरीवरील 'नटरंग'मध्ये हीच दृष्टी तमाशाच्या फडाकडे वळते. शाहीर राम जोशी यांच्या या जिल्ह्यात आणि अकलूजच्या लावणी स्पर्धांना गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांत लावणीची पारख जुनी आहे. 'अप्सरा आली' व 'वाजले की बारा' यांनी त्या पारखीची परीक्षा उत्तीर्ण केली आणि 'खेळ मांडला'ने फडामागील माणसाचा आकांत ऐकवला. या तीन गीतांत वाद्ये पुष्कळ आहेत, परंतु ढोलकीला आणि गळ्याला मागे रेटण्याइतकी नाहीत.

या पार्श्वभूमीवर 'सैराट'साठी लॉस एंजेलिस परिसरातील सोनी स्कोअरिंग स्टेजवर तेथील सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा काही रसिकांना तो मातीशी घेतलेला काडीमोड वाटला. करमाळ्याच्या उसाच्या फडात व्हायोलिनचे काय काम, असा या आक्षेपाचा आशय. वरवर पाहता तो मातीच्या बाजूने केलेला दिसतो. प्रत्यक्षात त्यात एक जुनी वाटणी गृहीत धरलेली आहे.

हिंदी-मराठी चित्रपटांत दीर्घकाळ वाद्यांची एक अलिखित वाटणी होती. गावाला ढोलकी, हलगी, तुणतुणे; शहरी, सुखवस्तू नायक-नायिकेच्या प्रेमाला पियानो आणि तंतुवाद्यांचा समूह. गावच्या माणसाने नाचावे, विनोद करावा, फार तर देवाला साद घालावी. त्याच्या मनात उदात्त, विशाल असे काही उठू शकते, याची संगीताने क्वचितच दखल घेतली. 'याड लागलं' या गीताने ही वाटणी मोडली. पारधी समाजातील एका मुलाला पाटलाच्या मुलीविषयी जे वाटते, त्यासाठी पूर्ण सिम्फनी वाद्यवृंद उभा राहतो. वाद्यवृंद विदेशी आहे. परंतु गीताची बोली गावची आहे आणि भावना ज्याची आहे, त्याला पूर्वी असा वाद्यवृंद कोणी दिला नव्हता. यास दुरावा न म्हणता मातीतील माणसाला दिलेला मान म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

याचा प्रतिपुरावा 'धडक' (२०१८) या हिंदी रूपांतरात मिळतो. तेथे 'याड लागलं'ची चाल 'पहली बार' होऊन येते आणि 'झिंगाट'ही हिंदीत उतरते. कथा राजस्थानातील उदयपूरला जाते, नायक खानावळ व्यावसायिकाचा मुलगा होतो आणि जातीचे अंतर अंधुक होते. चाल तीच आणि वाद्यवृंदाचा डौलही तोच. परंतु ज्या विषमतेमुळे त्या भव्यतेला अर्थ होता, ती विरळ झाल्याने संगीत शोभेची वस्तू बनते. अनेक मराठी रसिकांना 'धडक'ची गीते फिकी वाटली. त्याचे कारण केवळ भाषाभिमान नसावे. गीताचा सामाजिक पाया निसटल्याचे कानाला जाणवले असावे.

हलगी आणि तिचे वादक

'माती' हा शब्द रसिकांच्या चर्चेत फार सहज येतो. तो थोडा तपासून घ्यायला हवा. हलगी हे निव्वळ 'लोकवाद्य' नाही. गावगाड्यात ती वाजविण्याचे काम विशिष्ट जातींकडे होते. लग्नाची वरात, जत्रा, दवंडी आणि अंत्ययात्रा या सर्व प्रसंगी मांग-महार वाद्यकार पुढे असत. परंतु जेथे ते वाजवत, तेथे त्यांना पंगतीत स्थान नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेकांनी अशी गावकीची कामे स्वाभिमानाने सोडली. त्यामुळे हलगीचा आवाज काहींना आनंदाचा, काहींना लादलेल्या चाकरीचा आणि काहींना पुन्हा स्वतःचा म्हणून मिळवलेला असा तिहेरी अर्थ घेऊन येतो.

'झिंगाट'मध्ये हलगीच्या अंगाचा ठेका आणि यंत्रनिर्मित ताल एकत्र येतात. हे गीत वरातींत, गणेशोत्सवात आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत सर्व जातींच्या तरुणांनी नाचून घेतले. एका अर्थाने हे हलगीचे मुक्त होणे आहे. परंतु रसिकांच्या चर्चेचा सूर पाहिला असता ती अजय यांच्या गळ्यापर्यंत आणि वाद्यवृंदातील वादकसंख्येपर्यंत पोहोचते. हलगी, चौंडके, संबळ कोणी वाजविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. व्हायोलिनवादकांची संख्या अभिमानाने सांगणारा आणि हलगीवादकाचे नाव न विचारणारा रसिक मातीविषयी बोलतो, तेव्हा त्याची माती अर्धीच असते.

तिसरा आक्षेप : भव्यतेचा अतिरेक

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून 'सैराट'नंतरच्या कामाच्या संदर्भात तो अंशतः मान्य करावा लागतो. विश्वास पाटील यांच्या कादंबरीवरील 'चंद्रमुखी' (२०२२) मधील 'चंद्रा' हे गीत लोकप्रिय झाले. ते रेखीव आहे, श्रेया घोषाल यांचे गायन निर्दोष आहे. परंतु 'नटरंग'मधील लावण्यांशी तुलना करता येथे वाद्यांचा आणि समूहस्वराचा थर इतका दाट आहे की बैठकीच्या लावणीत शब्दाशब्दावर थांबून अदा करायला जी मोकळी जागा असते, ती उरत नाही. लावणी रंगते ती ढोलकीच्या बोलात आणि गायिकेच्या थांबण्यात. हे थांबणे भव्यतेला परवडत नाही.

तथापि अतिरेकाचा आक्षेप सरसकट लावणे अन्यायाचे होईल. 'वेड' (२०२२) हा तेलुगू 'मजिली'वर आधारित चित्रपट. त्यातील 'सुख कळले' हे गीत संयत आहे. शाहीर साबळे यांच्या जीवनावरील 'महाराष्ट्र शाहीर' (२०२३) मधील 'बहरला हा मधुमास' हे गुरू ठाकूर यांचे गीत तर साधेपणामुळेच घरोघरी गेले. 'अगं बाई अरेच्चा !' आणि 'महाराष्ट्र शाहीर' हे दोन्ही चित्रपट केदार शिंदे यांचेच. या दोन टोकांमधील एकोणीस वर्षांत संगीतकारांची साधी चाल बांधण्याची क्षमता आटली नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

भव्यतेच्या प्रश्नाचे सर्वांत मार्मिक उत्तर 'सैराट'मध्येच आहे आणि रसिकांच्या चर्चेत नेमके तेच दुर्लक्षित राहते. या चित्रपटातील चारही गीते पूर्वार्धात आहेत. आर्ची आणि परश्या गाव सोडून हैदराबादला जातात, झोपडपट्टीत राहतात, कष्ट करतात, भांडतात, पुन्हा एकत्र येतात. या सर्व काळात एकही गीत नाही. शेवटच्या दृश्यात, रक्तात भिजलेल्या पावलांनी लहान मूल घराबाहेर जाते, तेव्हा तर संगीतच नाही. पूर्वार्धातील सिम्फनी म्हणजे त्या दोघांना दिसलेले जग. शेवटची शांतता म्हणजे असलेले जग. इतकी उंच इमारत उभी केल्याशिवाय तिचे कोसळणे इतके ऐकू आले नसते. म्हणजेच येथे भव्यतेला कथेचा आधार आहे आणि तिला मर्यादाही आहे.

परंतु रसिकांनी काय घेतले ? त्यांनी चार गीते घेतली आणि शांतता सोडून दिली. ज्या आंतरजातीय प्रेमाचा शेवट हत्येत होतो, त्याच प्रेमाच्या गीतावर जातीतल्या जातीत ठरलेल्या लग्नांच्या वराती नाचल्या. यात संगीताचा दोष नाही आणि नाचणाऱ्यांचा आनंदही खोटा नाही. पण गीत चित्रपटातून सोडवून ऐकण्याच्या सवयीची किंमत किती मोठी असू शकते, हे यातून दिसते. संगीतकार मातीपासून दुरावला का, हा प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याने आपण त्या गीताच्या शेवटापासून किती दुरावलो, हेही विचारणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. अजय-अतुल यांच्या संगीतातील पुनरुक्ती दुहेरी आहे. भक्तिगीतांतील पुनरुक्ती सामूहिकतेला पोषक ठरते. बाजारासाठी चाल स्थलांतरित केली असता मात्र मूळ स्वर आणि स्थळ यांची हानी होते.

२. 'सैराट'मधील सिम्फनी वाद्यवृंद हा मातीपासूनचा दुरावा नसून वाद्यांच्या जुन्या सामाजिक वाटणीला दिलेला छेद आहे. 'धडक'मध्ये तीच चाल निस्तेज होणे हे याचे प्रमाण होय.

३. भव्यतेला कथेचा आधार असेल तेथे ती अर्थपूर्ण ठरते. 'चंद्रा'सारख्या रचनेत तो आधार कमी पडल्याने ती लावणीच्या अंगभूत मोकळेपणावर आक्रमण करते. म्हणून 'अधिक वाद्ये' हा दोष न मानता 'कोणासाठी आणि कशासाठी' हा निकष लावणे उचित.

४. 'माती'ची भाषा करणाऱ्या अभिरुचीने लोकवाद्यांच्या वादकांची आणि त्या वाद्यांमागील जातिव्यवस्थेच्या इतिहासाची दखल घेणे गरजेचे आहे.

५. 'पूर्वीसारखे नाही' आणि 'तेच ते' हे रसिकांचे उद्गार समीक्षेचे आरंभबिंदू होऊ शकतात, निकष होऊ शकत नाहीत. संगीतकार बदलला की नाही, यापेक्षा त्या बदलाने कोणाच्या भावनेला पूर्वी नसलेला आवाज मिळाला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. 'सैराट'पुरते त्याचे उत्तर जेऊर-करमाळ्याच्या शिवारातील माणसाच्या बाजूने जाते.